पावसाळ्यातलं स्वयंपाकघर : ओलावा शिरतो कुठून?

जून लागला की घरोघरी तक्रारींचा एकच पाढा सुरू होतो. मिठाला पाणी सुटलं, रव्यात जाळी झाली, चिवडा सादळला, लोणच्यावर पांढरं आलं, धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतोय. उपाय विचारावा तर शेजारीपाजारी, नात्यागोत्यात प्रत्येकाकडे चार युक्त्या तयार असतात. कुणी लवंगा टाका म्हणतं, कुणी कापूर, कुणी तांदूळ. त्यातल्या काही लागू पडतात, काहींचा काडीचाही उपयोग होत नाही. आणि नेमकी कुठली कुठे चालते हे कळत नाही, कारण युक्तीबरोबर तिचं कारण कुणी सांगत नाही.

या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी ओलावा आहे, आणि तो डब्यात तीनच मार्गांनी शिरतो. झाकण सैल असेल तर हवेतून शिरतो. पदार्थ गरम असतानाच झाकला तर त्याच्याच वाफेचं पाणी होतं. आणि तिसरा मार्ग म्हणजे आपला ओला हात किंवा ओला चमचा. घरातल्या ज्या वस्तूचं बिघडतंय तिच्याबाबतीत यातला कोणता मार्ग उघडा आहे एवढं ओळखलं की अर्धं काम झालं. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या हिशेबाने वाचावं.

आधी सर्वांना लागू पडणारे तीन नियम. एक, प्रत्येक जिन्नसाचे दोन डबे ठेवा : साठवणीचा मोठा आणि रोजचा लहान. मोठा डबा आठवड्यातून एकदाच, पाऊस उघडलेला असताना उघडायचा. दिवसातून पाच वेळा उघडला जाणारा डबा कितीही घट्ट झाकणाचा असला तरी प्रत्येक वेळी नवी दमट हवा आत घेतोच. दोन, भाजलेलं, तळलेलं, दळलेलं काहीही पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. गिरणीतून आलेलं पीठसुद्धा गरम असतं. ते परातीत पसरून निववा, मगच डब्यात भरा. तीन, शिजणाऱ्या कढईवर डबा धरून मसाला टाकू नका. नीट पाहिलंत तर दिसेल, हळदीच्या किंवा तिखटाच्या डबीच्या काठाला आतून जे खडे धरतात ते या वाफेचेच असतात. चमच्याने वाटीत काढा, डबी बंद करा, मग वाटीतलं फोडणीत घाला.

मीठ, साखर, गूळ

मीठ आधी पाझरतं आणि साखर मागाहून, याला कारण आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. साखरेची ही मर्यादा 85 टक्क्यांच्या आसपास आहे. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वरच असते. म्हणून तिथे मिठाचं पाणी होतं आणि मराठवाड्यातल्या घरात तेच मीठ बऱ्यापैकी मोकळं राहतं. जाडं मीठ तर आणखी लवकर ओलावतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते फार कमी आर्द्रतेतही पाणी ओढतात.

मीठ काचेच्या किंवा चिनीमातीच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं, स्टीलच्या डब्यात नको. ओल्या मिठाने स्टीललाही गंजाचे ठिपके पडतात. चमचा लाकडी ठेवावा. टेबलावरच्या मीठदाणीत थोडे तांदूळ टाकायची रीत चांगलीच आहे, पण तांदूळ आधी कोरडे भाजून गार केलेले हवेत. न भाजलेल्या तांदळात स्वतःचाच ओलावा असतो, तो मिठातला काय ओढणार? तांदूळ दर पंधरा दिवसांनी बदलावेत. आयोडीनयुक्त मीठ ओलं झालं की त्यातलं आयोडीन कमी होत जातं, म्हणून पाणी सुटलेलं मीठ तव्यावर भाजत बसण्यापेक्षा पावसाळ्यात लहान पुड्या आणणं सोयीचं.

साखरेला ओलावा कमी लागतो, पण मुंग्या जास्त. त्यांच्यासाठी डब्यात दोन-चार लवंगा टाकतात. त्याने थोडा फरक पडतो, मात्र डब्याच्या बाहेर सांडलेले चार दाणे पुसले नाहीत तर लवंगा काही करू शकत नाहीत. गुळाचं गणित वेगळं आहे. तो स्वभावतःच पाणी ओढणारा, त्यामुळे पावसाळ्यात ढेप फडक्यात बांधून ठेवली तर फडकंच चिकट होतं. गूळ फोडून, हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. लागेल तेवढे खडे बाहेरच्या लहान डब्यात काढावेत.

धान्य, डाळी आणि कीड

कोकणात आगोटीची बेगमी आणि गोव्यात पुरुमेंत म्हणजे पावसाआधी चार महिन्यांचं सामान भरून ठेवायची रीत. रस्ते बंद पडत, बाजार भरत नसे, तेव्हा ती गरजच होती. आता दुकान कोपऱ्यावर आहे, तरी वर्षाचे गहू-तांदूळ उन्हाळ्यात भरणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी एक जुनी परीक्षा विसरू नये : दाणा दाताखाली धरायचा. कट् आवाज करून तुटला तर धान्य साठवण्याजोगं कोरडं आहे. दबला, चिंबला तर अजून ऊन हवं. साठवणीच्या धान्यात 12 टक्क्यांहून जास्त ओल असू नये म्हणतात, ते या ‘कट्’मध्ये कळतं. गव्हाला कडक ऊन चालतं. तांदळाला मात्र नको. कडक उन्हात तांदळाला तडे जातात आणि शिजवताना कण्या होतात. तांदूळ सावलीतल्या वाऱ्यावर किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात पसरावेत.

कीड बाहेरून उडून येते असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा तिची अंडी दुकानातूनच धान्याबरोबर आलेली असतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, म्हणून चाळून-पाखडून सोंडे गेले तरी पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दिसतात. अख्खे मूग, चवळी, हरभरे यांना लागणारा भुंगा दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो. मूठभर मूग उजेडात नीट पाहा. सालीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडीच. असे मूग साठवू नका, आठवड्याभरात भिजवून संपवा.

कडधान्याला तेलाचा हात द्यायची जुनी युक्ती इथेच कामी येते. किलोभर कडधान्याला एक चहाचा चमचा तेल पुरतं. हाताला तेल घेऊन दाणे असे चोळायचे की प्रत्येकाला नुसती चकाकी यावी. त्या पातळ थराने अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती उबत नाहीत. एरंडेल वापरलं तर डाळ शिजवण्यापूर्वी कोमट पाण्यात नीट धुवावी. फोडलेल्या, साल काढलेल्या डाळीला भुंगा कमी लागतो, तेव्हा पावसाळ्यात अख्ख्यापेक्षा डाळ साठवणं सोपं.

कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर तो सावलीत पूर्ण वाळलेला, हातात चुरचुरणारा हवा. ओलसर पाला घातला तर किडीआधी बुरशी येईल. लवंग, तमालपत्र, हिंगाचा खडा यांचा वास किडीला थोडा आवरतो, मारत मात्र नाही. आधीच लागलेल्या धान्याला त्याचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची. गोदामात धान्याला लावतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात कधीही आणू नका. त्या हवेतल्या ओलाव्यानेच जीवघेणा वायू सोडतात, आणि पावसाळ्यात ओलावा तर भरपूर. बंद घरात झोपलेल्या माणसांचा त्याने जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पाऱ्याच्या टिकड्याही खाण्याच्या डब्यात नकोत.

रवा, मैदा, बेसन

रवा आणला की लगेच मंद आचेवर भाजायचा. रंग बदलेपर्यंत भाजायची गरज नाही. हाताला गरम लागून दाणे मोकळे सळसळू लागले की पुरे. उष्णतेने अंडी मरतात, ओलावाही जातो. मग ताटात पसरून पूर्ण गार करून भरायचा. पुढे उपमा करताना भाजण्याचा वेळ वाचतो तो वेगळाच.

मैदा आणि बेसन असं भाजून ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी फ्रीझर आहे. पिशवी घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र घाई करू नका. पिशवी बंदच ठेवून घरातल्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा. गार पीठ लगेच उघडलं तर हवेतलं पाणी त्यावर दवासारखं बसतं आणि केलं-सवरलं वाया जातं. डब्याच्या कडेला किंवा झाकणाखाली जाळी दिसली, तर ते पीठ चाळून वापरू नका, टाकून द्या.

ज्वारी-बाजरीचं पीठ एरवीही फार टिकत नाही; पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणावं. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फुटतात. तशी वेळ आलीच तर उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवा आणि कोमट झाल्यावर मळा; भाकरी नीट थापली जाते. पण बाजरीच्या पिठाला कडवट वास येत असेल तर ते विरीचं प्रकरण नव्हे. त्यातलं तेल खवट झालं आहे. ते पीठ उकळत्या पाण्याने सुधारणार नाही.

शेंगदाणे, मसाले, लोणचं, सुकी मासळी

पावसाळ्यात सर्वांत जपून राहायचं ते शेंगदाण्यांच्या बाबतीत. दमट हवेत दाण्यांवर, मक्यावर आणि मिरचीवर जी हिरवट-पिवळी बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. ते यकृताला घातक असतं आणि भाजून, तळून, शिजवून जात नाही. 1974 साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या भागांत पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसं दगावली होती. त्यामुळे ‘एवढे काढून टाकू, बाकीचे भाजून घेऊ’ ही काटकसर इथे करायची नाही. सुरकुतलेले, काळपट, आतून पिवळसर पडलेले, चवीला कडू दाणे जसे दिसतील तसे टाकावेत. डब्याला बुरशीचा वास येत असेल तर डबाभर टाकावेत. दाणे पावसाआधी भाजून, सोलून, गार करून हवाबंद ठेवावेत आणि कूट मात्र आठवड्यापुरतंच करावं. अख्ख्या दाण्यापेक्षा कूट लवकर खवट होतं.

गोडा मसाला, काळा मसाला, मिरचीपूड यांचा मुख्य साठा काचेच्या बरणीत दाबून भरावा, मध्ये पोकळी राहू देऊ नये. वर हिंगाचे खडे ठेवायची रीत आहे ती ठेवावीच. लाल तिखट फ्रीजमध्ये ठेवलं तर त्याचा रंगही टिकतो. पण बरणी बाहेर काढून तासभर ओट्यावर ठेवू नका. मसाला चमच्याने काढा आणि बरणी लगेच परत आत.

कैरीच्या लोणच्यावर पांढरं येतं ते बहुधा दोन कारणांनी : फोडी तेलाच्या वर आल्या, किंवा चमचा ओला होता. मीठ फोडींतलं पाणी बाहेर काढतं, ते बरणीत फोडींच्या खाली-वर होतं आणि काही दिवसांनी तेल शोषलं जाऊन वरच्या फोडी उघड्या पडतात. म्हणून पहिले पंधरा दिवस रोज पाहावं. तेल फोडींवर बोटभर तरंगत नसेल तर तेल तापवून, पूर्ण गार करून वरून ओतावं. तोंडाला दादरा बांधायचा असेल तर तो दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून बदलावा. पावसात तोच आधी दमट होतो. रोजच्यासाठी वाटीभर लोणचं वेगळ्या बाटलीत काढा, मोठी बरणी उघडूच नका. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाली खाणं धोक्याचं आहे.

चिवडा, शेव, चकली सादळली तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतून पूर्ण गार होऊ द्या. कुरकुरीतपणा गार झाल्यावर परत येतो, गरम असताना येत नाही. पापड-कुरडया तळायच्या आधी तासभर कोमट तव्याजवळ ठेवल्या तर छान फुलतात.

सुके बोंबील, सोडे, जवळा ही पावसाळ्यातली खरी शिदोरी. पाऊस लागायच्या आधी कडक ऊन देऊन, डोकी-शेपट्या काढून, लहान लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावीत. खारवलेल्या मासळीवर गुलाबी-लालसर डाग दिसले तर ते मिठात वाढणारे जंतू असतात. ती मासळी वापरू नये.

भाजी : धुवायची कशी, ठेवायची कशी

पावसाळी पालेभाजीत चिखल फार. सगळे एक चूक करतात : परातीत भाजी बुडवायची आणि पाणी ओतून द्यायचं. पाणी ओतताना तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर पसरते. त्याऐवजी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात भाजी सोडा, हाताने हलवा, पाच मिनिटं सोडून द्या आणि मग दोन्ही हातांनी पानं वर उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्या. पहिल्या पातेल्याच्या तळाशी काय राहिलं ते पाहा. माती दिसेनाशी होईपर्यंत हेच करायचं. जुलैतल्या पालकाला तीन-चार पाणी लागतात.

ठेवायची भाजी मात्र धुवायची नाही. कोथिंबीर निवडून, पिवळी-ओली पानं काढून, पंख्याखाली तासभर पसरून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. तिसऱ्या दिवशी फडकं हाताला दमट लागलं तर बदलावं. हिरव्या मिरचीचे देठ काढून ठेवले की ती देठापासून सडत नाही. आलं-लसणाची पेस्ट मीठ-तेल घालून करतात, ती फ्रीजमध्येच ठेवावी. तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर ठेवणं सुरक्षित नाही.

टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं या रानभाज्या याच दिवसांत येतात. शेवळं आणि अळू यांच्या बारीक स्फटिकांमुळे घसा खवखवतो, म्हणून शेवळांत काकडं नावाची फळं घालतात आणि अळूत चिंच किंवा आमसूल. चिरताना हाताला खोबरेल किंवा चिंचेचा कोळ लावावा. शेवळं पहिल्यांदाच करत असाल तर ती विकणाऱ्या बाईलाच कृती विचारा आणि काकडं तिच्याकडूनच घ्या. स्वतः रानातून खुडून आणलेली अनोळखी भाजी किंवा अळंबी मात्र करू नये.

कांदा टिकवायचा धडा नाशिक जिल्ह्यातल्या कांदाचाळीकडून घ्यावा. चाळ जमिनीपासून उंच असते, तिच्या तळाला आणि भिंतींना फटी असतात, आणि कांद्याचा थर बेताचा असतो. घरी हेच करायचं : प्लास्टिकची पिशवी नको, जाळीची टोपली, भिंतीपासून थोडी दूर, जमिनीपासून वर. पावसाळ्यात साठवायला पातळ मानेचा, कोरड्या सालीचा उन्हाळी कांदा घ्यावा. दर चार दिवसांनी टोपली उलटीपालटी करून मऊ पडलेला एखादा काढला नाही तर तो शेजारच्यांना घेऊन जातो. बटाटे वेगळे, अंधारात. उजेडाने हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे टाकावेत.

दही, मोड आणि उरलेला भात

पुण्या-कोल्हापुराकडे पावसाळी गारव्यात दही लागत नाही किंवा तारदार होतं. दूध 40 अंशांच्या आसपास हवं. स्वच्छ बोट बुडवून दहा आकडे मोजेपर्यंत सुखाने सहन व्हावं एवढं गरम. त्याहून गार दुधात विरजण आळसावतं, कढत दुधात मरतं. विरजण लावून भांडं दुलईत किंवा पोळ्यांच्या गरम डब्यात ठेवा. मुंबईच्या उबदार हवेत उलट : चार-पाच तासांतच दही लागतं, तेव्हा लागल्याबरोबर फ्रीजमध्ये.

श्रावणात मोडाची कडधान्यं घरोघरी लागतात. भिजवलेलं कडधान्य पूर्ण निथळल्याशिवाय फडक्यात बांधू नये आणि सकाळ-संध्याकाळ धुवावं. बोटाला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर पाणी राहिलं होतं. या दिवसांत मोड कच्चे खाऊ नयेत. मोडाला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. उसळ करावी, कोशिंबिरीत घालायचे तर आधी वाफवावेत.

उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते सकाळच्या फोडणीने जात नाही. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो आणि भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत. हे लक्षात असलं की लाइट जाताच सगळं बाहेर काढायची धांदल होत नाही.

लोखंड, लाकूड आणि रबर

लोखंडी तवा, कढई घासल्यावर पुसून ठेवली तरी गंजते, कारण लोखंडाच्या बारीक भोकांत पाणी राहतं. धुतल्यावर दोन मिनिटं गॅसवर तापवा, गार होताना तेलाचं बोट फिरवा. विळीच्या पात्यालाही हाच उपाय. पोळपाट-लाटणं, लाकडी डाव ओले असताना आडवे ठेवू नका. उभे ठेवले की दोन्ही बाजूंना हवा लागते. काळे ठिपके आलेच तर मीठ-लिंबाने घासून, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवा.

कुकरची शिट्टी आणि रिंग, मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातलं रबर यांच्या खाली साचलेल्या काळ्या चिकट थराकडे कुणाचं लक्ष जात नाही. आठवड्यातून एकदा रबर काढून, टूथब्रशने घासून, पूर्ण कोरडं करून बसवा. ओट्याची फडकी सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढा आणि एका आड एक वापरा, म्हणजे एक फडकं नेहमी वाळत असेल.

कपडे आणि कपाट

कुबट वास पावसाच्या पाण्याचा नसतो. कपडे फार वेळ ओले राहिल्याने त्यांत जंतू वाढतात, त्यांचा असतो. म्हणून अत्तराचं पाणी शिंपडून तो जात नाही. कपडे लवकर वाळवणं हाच इलाज. मशीन थांबल्याबरोबर कपडे काढा, शक्यतो दोनदा पिळून घ्या, दोरीवर चार बोटांचं अंतर ठेवा, एक लांब आणि एक आखूड असे टांगा आणि खाली पंखा लावा. जीन्स आतली बाजू बाहेर करून. स्वयंपाकघरात कपडे वाळत घालू नका. कपड्यांना फोडणीचा वास लागतो आणि डब्यांना कपड्यांची ओल.

कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढा. डांबरगोळ्या आणि कापूर कीड दूर ठेवतात, ओलावा मात्र शोषत नाहीत. ओलाव्यासाठी फळ्यावरचे खडू, सिलिका जेलच्या पुड्या किंवा बाजारात मिळणारे ओलावा शोषणारे डबे ठेवावेत. खडू महिन्यातून एकदा तापवून कोरडे करून पुन्हा वापरता येतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या घालू नका; काही बाळांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होतो.

गॅस, वीज, पाणी

गॅसची ज्योत पिवळी होऊ लागली तर बर्नरच्या भोकांत ओल किंवा अन्न अडकलं आहे. बर्नर धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवा. रबरी नळीवर छापलेलं वर्ष पाहा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि चिरा दिसल्या तर त्याआधीच. गळती वाटली तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका आणि 1906 या क्रमांकावर कळवा.

भिंतीला ओल आली असेल तर त्या भिंतीवरचा प्लग वापरू नका. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचं गळती-संरक्षक स्विच असेल तर त्यावरचं परीक्षेचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा; वीज तुटली पाहिजे. नसेल तर पावसाआधी बसवून घ्या.

नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीनंतर पाणी गाळून खळखळून उकळायचं आणि उकळी आल्यावर किमान मिनिटभर ठेवायचं. पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडरने निघतं, पण ती संडास धुण्याच्या अॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आठवड्याचा एक दिवस

आरोग्य खातं पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पिंप, कुंडीखालच्या ताटल्या आणि फ्रीजच्या मागचा ट्रे रिकामा करून काठ घासायचे. अंडी काठाला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्महिने जगतात. फ्रीजमागचा ट्रे बहुतेक घरांत कुणी पाहिलेलाही नसतो.

त्याच दिवसाला स्वयंपाकघर जोडून घ्या. साठ्याच्या डब्यातून रोजचे डबे भरा, कांद्याची टोपली पालथी करा, लोणच्याचं तेल पाहा, दाण्यांचा वास घ्या, रबरं काढून घासा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि घरातल्या मोठ्या मुलांनाही वाटून देता येतं. मग ऑक्टोबरचं ऊन तापलं की सगळे डबे एकदा रिकामे करून धुऊन वाळवा आणि झाकणं तपासा. ज्याचं झाकण सैल झालं असेल तो डबा धान्याच्या फळीवरून उतरवा आणि काटे-चमचे ठेवायला वापरा.